बेसमेंटच्या खोट्या भिंतीमागे साठ वर्षांपूर्वीचा टिकी बार सापडलाय, ठेवायचा की काढायचा?

अबोली_कोलंबस

नमस्कार मंडळी. रोज वाचते इथे, धागा मात्र पहिल्यांदाच काढतेय आणि लांबणार आहे, सांभाळून घ्या.

आम्ही ओहायोत, कोलंबसला. मार्चमध्ये घर घेतलं, १९५६ सालचं, एकमजली, विटांचं, खाली अख्ख्या घराएवढं बेसमेंट. आधीच्या मालकीणबाई वारल्या, मुलं दुसऱ्या राज्यात, त्यांनी विकून टाकलं. बेसमेंटला सगळीकडे ते तपकिरी लाकडी पॅनेलिंग आणि कोंदट वास. नवऱ्याला तिथे होम थिएटर करायचंय, मला आईसाठी खोली (आई वेंगुर्ल्याहून सहा महिन्यांसाठी आलीये). गेल्या शनिवारी मापं घ्यायला उतरलो तर वर घराची आतली लांबी ४२ फूट आणि खाली भरतेय फक्त ३३. तीनदा मोजली, टेप बदलून मोजली, ३३च. म्हणजे नऊ फूट गेले कुठे?

शेवटच्या भिंतीवर ठोकून बघितलं तर पोकळ आवाज. नवऱ्याने एक पॅनेल काढलं, मोबाइलचा टॉर्च मारला आणि तो काही बोलेचना. मी वाकून बघितलं तर समोर एक चेहरा. लाकडी, उभा कोरलेला, दात विचकलेला, माझ्या खांद्याएवढा उंच. पोटात गोळा आला खरंच. मग हळूहळू बाकीचं दिसायला लागलं. साधारण सात फुटांचं काउंटर, पुढून चिरलेला बांबू लावलेला, कडेला लाल रेक्झिनची गादी म्हणजे कोपर टेकायला, वरती वाळक्या गवताचं छप्पर, भिंतीला चटईसारखं काहीतरी विणलेलं, जाळ्यात अडकवलेले हिरव्या काचेचे गोळे, मागे आरसा आणि त्याच्यापुढे बाटल्या, चेहऱ्यांचे मातीचे मग, आणि छताला टांगलेला एक फुगलेला काटेरी मासा ज्याच्या पोटात बल्ब! धूळ एवढी की बोटाने नाव लिहावं, पण सगळं जागच्या जागी. कुणीतरी रात्री ग्लास विसळून ठेवून वर झोपायला गेल्यासारखं.

आईला खाली आणलं. ती आधी माशाकडे बघून म्हणाली, "ह्यो तर केंड!" आणि मग छप्पर बघून, "अगो, ह्यो आपलो माटवच!" आणि ती तिथेच स्टुलावर बसली. इतक्या दिवसांत या घरात तिला पहिल्यांदाच काहीतरी ओळखीचं दिसलं असेल.

नवरा म्हणतो सुंदर आहे पण काढू, जागा हवी. मला काढवत नाही. आम्ही दोघं फारसं पीतही नाही. जाणकारांनी सांगा हे नक्की काय आहे, किती जुनं आहे, आणि ठेवायचं तर काय काळजी घ्यायची. फोटो खाली टाकलेत.

वाटसरू_जर्सी

आधी एक गोष्ट, बाकी सगळं नंतर. तिसऱ्या फोटोत जमिनीवर ज्या चौकोनी टाइल्स दिसतायत त्या ९ इंच बाय ९ इंच आहेत का? असतील तर त्या घासू नका, उचकटू नका, झाडूही मारू नका. त्या काळातल्या त्या मापाच्या टाइल्समध्ये आणि त्याखालच्या काळ्या डिंकात ॲस्बेस्टॉस असायची दाट शक्यता. अखंड असतील तर हवेत काही जात नाही, तुटल्या-घासल्या की धोका. माणूस बोलावून नमुना लॅबला पाठवा. पॉझिटिव्ह आला तरी घाबरून उखडायची गरज नसते, वरून नवीन फ्लोअरिंग टाकून झाकता येतं.

दुसरं, १९७८ च्या आधीचं घर म्हणजे रंगात शिसं असू शकतं. तिसरं, ओहायो आहे म्हणून विचारतो, रेडॉन (जमिनीतून बेसमेंटमध्ये शिरणारा किरणोत्सारी वायू) तपासलाय का? ४ पिकोक्युरीच्या वर आकडा आला तर पाइप आणि पंखा बसवून घ्या, आईंची खोली करायची असेल तर हे आधी. आणि तो माशाचा दिवा कृपया लावू नका, त्या काळातल्या वायरीचं आवरण हात लावला तरी तुकडे पडून हातात येतं.

हे सगळं झालं की मग म्हणतो, काय घबाड सापडलंय हो तुम्हाला!

पाचूचे_बेट

अबोलीताई, फोटो बघून मी ऑफिसात उभीच राहिले. मी सोळा वर्षं लॉस एंजेलिसला आहे आणि या टिकी प्रकरणाचं, म्हणजे पॅसिफिक बेटांच्या थाटात सजवलेल्या बारचं, मला वेड आहे, त्यामुळे थोडं सविस्तर लिहू दे.

याची सुरुवात इथल्याच हॉलिवूडमधली. अमेरिकेतली दारूबंदी डिसेंबर १९३३ मध्ये उठली आणि त्याच सुमारास अर्नेस्ट गँट नावाच्या भटक्या माणसाने 'डॉन द बीचकोंबर' हा छोटा बार काढला, पुढे त्याने स्वतःचं नावही बदलून डॉन बीच करून घेतलं. मंदीचा काळ, रम स्वस्त, त्यामुळे त्याने रमच घेतली आणि दोन-तीन प्रकारच्या रम एकत्र, ताजं लिंबू, मसाल्यांची सिरपं असं करून पेयं बांधली. त्याचं झोंबी नावाचं पेय एका गिऱ्हाइकाला दोनच मिळायचं. कृती चोरीला जाऊ नये म्हणून बाटल्यांवर नुसते आकडे असायचे. मागे उभं राहून हे सगळं करणारे हात बरेचसे फिलिपिनो मुलांचे होते, त्यांची नावं फारशी कुणी घेत नाही. त्यातल्याच रे ब्यूहेन यांनी १९६१ साली इथे टिकी-टी नावाचा इवलासा बार काढला, तो अजून त्यांचंच कुटुंब चालवतं. मी जाऊन आलेय, पाऊल टाकलं की डोळे सरावायला वेळ लागतो इतकं आत सामान.

उत्तरेला ओकलंडमध्ये व्हिक्टर बर्जरन, म्हणजे ट्रेडर व्हिक. माय ताय हे पेय त्याने १९४४ मध्ये केलं.

मग युद्ध संपलं. पॅसिफिकमधून लाखो पोरं परत आली, त्यांनी ती बेटं पाहिलेली, आणि बहुतेकांनी तिथे जे सोसलं ते घरी सांगण्यासारखं नव्हतं. १९४७ मध्ये नॉर्वेचा थॉर हेयरडाल बाल्साच्या हलक्या लाकडाच्या तराफ्यावरून पेरूहून निघून १०१ दिवसांनी पॅसिफिकमधल्या पॉलिनेशियाच्या बेटांवर पोचला, तराफ्याचं नाव कॉन-टिकी, ते जगभर गाजलं. १९५९ च्या ऑगस्टमध्ये हवाई पन्नासावं राज्य झालं. आणि नेमक्या याच वर्षांत उपनगरांमध्ये बेसमेंटवाली घरं धडाधड उभी राहत होती. दिवसभर कारखान्यात किंवा ऑफिसात, बाहेर ओहायोची थंडी, आणि जिना उतरलं की बेट. तुमच्या घरचा हा बार त्यातलाच, आणि हातांनी केलेला दिसतोय, विकतच्या तयार सेटसारखा नाही. काउंटरच्या कोपऱ्याला बांबूचे सांधे बघा ना, कुणीतरी संध्याकाळी जेवून झाल्यावर खाली येऊन रोज थोडंथोडं केलंय.

जुनाबाजार

वय काढायचं असेल तर अटकळी नकोत, वस्तू बघा.

१) रमच्या बाटलीच्या खांद्यावर काचेतच उमटवलेलं वाक्य आहे का, 'फेडरल लॉ फॉरबिड्स सेल ऑर रीयूज ऑफ धिस बॉटल'? असेल तर ती १९३५ ते १९६४ मधली.
२) मगांच्या बुडाशी काय आहे ते कळवा. 'ऑर्किड्स ऑफ हवाई' असेल तर गंमत अशी की ती कंपनी न्यूयॉर्कच्या ब्रॉन्क्समधली आणि माल जपानमध्ये बनलेला. 'ओ एम सी' असा कागदी स्टिकर असेल तर तोही जपानचाच, ओतागिरीचा. स्टिकर ओला करू नका.
३) काडेपेट्या, बिलं, नकाशे, काहीही कागद. पत्त्यात झिप कोड नसेल तर बहुतेक १९६३ च्या आधीचं.

होम_स्वीट_होम

माझं मत वेगळं आहे, राग मानू नका. घर तुमचं, कर्ज तुम्ही फेडताय. बेसमेंटमध्ये नीट खोली आणि बाथरूम केलंत तर घराची किंमत वाढेल, आई-बाबांना उतरायला सोय होईल. अमेरिकेत हे टिकीचं सामान जमवणारे लोक आहेत, त्यांना विका, चांगल्या हातात जाईल, तुमचं थिएटरही होईल. कुणाच्या तरी आठवणी आपण का जपायच्या, आपल्या आपण करू.

अबोली_कोलंबस

सगळ्यांचे खूप आभार, आणि होम_स्वीट_होम, राग कसला, नवरा अगदी हेच म्हणतो.

वाटसरूकाका, टाइल्स ९ बाय ९च निघाल्या. खोली बंद केलीये, सोमवारी माणूस येतोय. रेडॉन घर घेताना तपासला होता, २.१ आलेला.

जुनाबाजार, बाटलीवर ते वाक्य आहे! तिन्ही बाटल्यांवर. एकीत अजून निम्मी रम आहे. मगांपैकी चारांवर ऑर्किड्स ऑफ हवाई आणि जपान, दोन कोरे. आणि आरशामागे पॅसिफिकचा मोठा छापील नकाशा चिकटवलाय त्यात हवाईपुढे 'टेरिटरी' लिहिलंय. आणि काउंटरच्या खणात एक काडेपेटी, 'काहिकी, कोलंबस, ओहायो', झिप कोड नाही. हे काहिकी काय आहे?

बकआय_१९८८

काहिकी! अबोली, हे वाचून मला अगदी भरून आलं, खरं सांगतो.

मी १९८८ ला इथे मास्टर्सला आलो. पहिल्या हिवाळ्यात आमच्या प्रोफेसरांनी सगळ्या परदेशी पोरांना ईस्ट ब्रॉड स्ट्रीटवरच्या काहिकीत जेवायला नेलं होतं. बाहेर बर्फ. इमारत एखाद्या अवाढव्य होडीसारखी, दाराशी दोन मोठाले मोआई (ईस्टर बेटावर असतात तसले दगडी पुतळे) आणि त्यांच्या डोक्यावर जाळ पेटलेला. आत भलामोठा मोआईचा चेहरा, डोळे लाल, तोंडात शेकोटी. एका बाजूच्या खिडक्यांमागे खोटा पाऊस पडायचा, गडगडाट व्हायचा. मी मिरजेचा. पाच महिने पाऊस ऐकला नव्हता, बर्फाला आवाज नसतो. ते खोटं आहे हे दिसत होतं तरी मी जेवायचं सोडून ऐकत बसलो होतो.

१९६१ ला उघडलं, १९९७ ला राष्ट्रीय ऐतिहासिक स्थळांच्या यादीत नाव लागलं, आणि २००० साली पाडलं. त्या जागी औषधांचं दुकान आलं. यादीत नाव असलं म्हणून खाजगी मालकाला पाडण्यापासून कुणी अडवू शकत नाही, हे मला तेव्हा कळलं. ज्या दिवशी पाडत होते तेव्हा मी गाडी बाजूला लावून बघत उभा राहिलो होतो.

जुनाबाजार म्हणतात तसं बघितलं तर तुमची काडेपेटी १९६१ ते ६३ मधली असावी. नकाशा १९५९ च्या आधीचा. म्हणजे बार घराबरोबरच सुरू केला असेल आणि पुढे भर पडत गेली असेल. ठेवा हो. या शहरात मूळ जागा उरली नाही, निदान हा कोपरा राहू दे.

रानजाई_ऑकलंड

सगळे उत्साहात आहेत म्हणून जरा थबकत लिहितेय, पण लिहायला हवं.

मी न्यूझीलंडला राहते. इथल्या माओरी परंपरेत टिकी म्हणजे पहिला पुरुष. मार्केसास बेटांवर ते देवपद मिळालेले पूर्वज. मोआई तर तिसरीकडचे, रापा नुईचे म्हणजे ईस्टर बेटाचे, तेही पूर्वजांचेच पुतळे. अमेरिकेने हजारो मैल लांबच्या या वेगवेगळ्या लोकांचं सगळं एकत्र कालवलं आणि वर हवाईयन म्हणून विकलं. माओरींमध्ये माणसाचं डोकं तापू असतं, म्हणजे पवित्र, त्याला असंच हात लावत नाहीत. अशा डोक्याच्या आकाराच्या मगातून दारू पिणं त्यांना कसं वाटत असेल? आपल्या गणपतीच्या मुखवट्याला वरून भोक पाडून कुणी स्ट्रॉ घातली तर आपल्याला कसं वाटेल तेवढाच विचार करा.

आणि हवाई आनंदाने राज्य झालं असंही सरळ नाही. १८९३ मध्ये तिथल्या राणी लिलिउओकलानी यांना पदच्युत केलं, त्याबद्दल अमेरिकन काँग्रेसने १९९३ मध्ये, शंभर वर्षांनी, माफीचा ठराव केला.

मी पाडा म्हणत नाहीये. काय आहे ते माहीत असून ठेवा.

पाचूचे_बेट

रानजाई, पटलं. मी इतकं लिहिलं आणि हे एका ओळीतही लिहिलं नाही, ते चुकलंच. माझ्याकडे घरी अकरा मग आहेत, आज त्यांच्याकडे बघताना वेगळं वाटतंय.

होम_स्वीट_होम

हे मला अजिबात माहीत नव्हतं. पण मग प्रश्न असा की विकलं तर दुसरा कुणीतरी त्यातूनच पिणार. त्यापेक्षा ज्यांना कळलंय त्यांच्याकडे राहिलेलं बरं. मी माझं मत निम्मं मागे घेतो.

अबोली_कोलंबस

रानजाई, तुझं लिहिलेलं नवऱ्याला आणि आईला दोघांना वाचून दाखवलं. आई गप्प बसली आणि मग उठून तिने ते सहाही मग विसळून, पुसून वरच्या कपाटात ठेवले. पिण्यासाठी वापरायचे नाहीत असं ठरलंय. लाकडी मूर्ती कोनाड्यात आहे तिथेच राहील, तिच्यावर ग्लास किंवा टोपी ठेवायची नाही हे आमच्या पोरालाही सांगितलंय.

टाइल्सचा रिपोर्ट पॉझिटिव्ह आला. अखंड आहेत, दोनच कोपऱ्यात फुटल्यात, तेवढ्या माणसाने सील करून दिल्या, वर नवीन फ्लोअरिंग येईल.

आता खरा प्रश्न. काउंटरखाली बारीक पिवळसर पीठ पडतंय, टाचणीच्या डोक्याएवढी छिद्रं आहेत बांबूला. आई म्हणते भुंगा लागलाय.

वेळूबन

आई बरोबर आहेत. बांबूत स्टार्च असतो, भुंग्याच्या अळ्या तो खातात आणि पीठ बाहेर पडतं. आपल्याकडे गावात बांबू अमावास्येच्या सुमारास, पावसाळा संपल्यावर तोडायचा म्हणतात, रोख हाच की रस कमी असताना तोडावा म्हणजे कीड कमी लागते. माझं बांबूच्या सामानाचंच काम आहे, कुडाळला.

आधी बघा कीड जिवंत आहे का. सगळं पीठ हलक्या ब्रशने काढा, खाली काळा कागद पसरा, आठ-दहा दिवस थांबा. कागदावर नवं पीठ पडलं तर जिवंत. मग ज्या काठ्या सुटतील त्या सोडवून बोरॅक्स आणि बोरिक ॲसिडच्या पाण्यात बुडवा, न सुटणाऱ्यांना छिद्रातून सिरिंजने द्या. आम्ही इथे तेच करतो. व्हार्निश मारलेल्या बाजूने काही शोषलं जात नाही, मागची कोरी बाजू शोधा. आणि दमटपणा ५० टक्क्यांच्या खाली ठेवा, डीह्युमिडिफायर लागेलच.

भिंतीवरची ती विणलेली चटई नीट बघितली. लौहाला असावी, हवाईत हाला म्हणतात त्या झाडाच्या पानांची. हाला म्हणजे आपल्या केवड्याचाच भाऊबंद, पानाच्या कडेचे काटे काढून पट्ट्या करतात. काउंटरच्या पुढच्या बाजूला जे तपकिरी नक्षीचं कापडासारखं आहे ते तापा, सालीचा आतला भाग कुटून केलेला. त्याला पाणी अजिबात लावू नका, तंतू सुटतील. व्हॅक्युमच्या तोंडाला मलमल बांधून लांबून धूळ ओढा, बस.

चुराबर्फ

सगळं गंभीर चाललंय म्हणून एक कृती देतो. ट्रेडर व्हिकच्या मूळ वळणाची माय ताय, यात अननसाचा रस नाही, तो नंतर घुसला. जुनी जमैकन रम ६० मिली, क्युरासाव (संत्र्याच्या सालीचं गोड मद्य) १५, बदामाचं सिरप साडेसात, खडीसाखरेचा पाक साडेसात, एका लिंबाचा ताजा रस, भरपूर चुरा बर्फ, हलवायचं, वर पिळलेल्या लिंबाची साल आणि पुदिना. बदामाचं सिरप घरी करा. भिजवलेले बदाम वाटून, गाळून, साखर आणि थोडं संत्र्याच्या फुलांचं पाणी, आपल्या ठंडाईचीच धाकटी बहीण. आणि ती उघडी अर्धी रम प्यायला नको, साठ वर्षं हवा लागलीये. साध्या ग्लासात करा, मग नकोच.

अबोली_कोलंबस

चुराबर्फ, रम वगळून केलं! बदामाचं सिरप, लिंबू, आणि आईने आणलेलं कोकम आगळ घालून. बार कसला, आमच्यात आता सरबताचं दुकान झालंय.

वेळूबन, तुम्ही सांगितल्याप्रमाणे काळा कागद घातला. पहिल्या चार दिवसांत एका जागी पीठ पडलं. ती काठी सोडवायला गेलो तेव्हा आईने एक दाखवलं. बांबूच्या प्रत्येक सांध्याला दोरी गुंडाळलेली आहे, आम्हाला वाटलं त्यानेच धरलंय. दोरी सोडवली तर आत खिळा. आई म्हणाली, "खिळो मारल्यानी, मगे सुंब कित्याक गुंडाळल्यानी?" मग मी वाचलं तर पॉलिनेशियात होड्या आणि घरं खरोखरच नारळाच्या काथ्याच्या दोरीने बांधायचे, खिळ्याशिवाय. या माणसाने ते कुठेतरी पाहिलं असणार. त्याला गाठ येत नव्हती, म्हणून खिळा मारून वरून तसं दिसेल असं गुंडाळलं.

अजून एक सांगायचं राहिलं. खोटी भिंत ज्या पॅनेलांची होती ती खिळ्यांनी ठोकलेली नव्हती. स्क्रू होते, पितळी, प्रत्येकाची खाच साबणाने भरलेली, म्हणजे खाच बुजू नये आणि परत फिरावा. माझ्या बाबांनी असंच केलं होतं आजोबांच्या खोलीच्या दाराला.

बकआय_१९८८

साबण भरलेला स्क्रू. अबोली, हे मी बायकोला वाचून दाखवलं.

अबोली_कोलंबस

शेवटची खबर आणि मग धागा थांबवते. अकरा दिवस झाले, कागद कोरा आहे. माशाच्या दिव्याची वायर बदलून घेतली, आत एलईडी, तापत नाही. नवऱ्याने थिएटरचा स्क्रीन दुसऱ्या भिंतीला लावायचं मान्य केलं, आईची खोली मधल्या भागात होतेय.

आईने बागकामाच्या दुकानातून काथ्याची दोरी आणायला लावली आणि कुजलेल्या दोऱ्या काढून एकेक सांधा परत बांधतेय, वेंगुर्ल्याला मांडवाला बांधतात तसा, खिळे काढून. एकूण बावीस सांधे. एकोणीस झालेत. गुरुवारी तिचं विमान आहे, म्हणून कालपासून नवरा तिच्याशेजारी स्टुलावर बसून गाठ शिकतोय, आणि त्याची पहिली गाठ तिने दोनदा सोडायला लावली.